दुमडणारी ट्रेडमिल आणि दुपारचा डबा

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आईची तीन महिन्यांची साखर ९.४ आली. रक्त मीच काढलं, मशीनवर मीच लावलं. विश्वास बसेना म्हणून परत लावलं, तर ९.३. जुलैच्या शेवटी ७.१ होती. मधल्या साडेतीन महिन्यांत तिच्या शरीरात काहीतरी बिघडत गेलं आणि एकाच खोलीत राहून मला ते कळलं नाही. लॅबमध्ये मी कशाची परीक्षा पास होऊन बसले आहे, असा प्रश्न पडला.

डॉक्टर म्हणाले, गोळी वाढवतो, पण रोज चाळीस मिनिटं चालणं पाहिजे. एप्रिलच्या तपासणीत आकडा खाली आला नाही तर इन्सुलिन सुरू करू. आईने मान डोलावली. मोठ्या मावशीचा पाय साखरेनेच गेला, ते आम्ही दोघींनी पाहिलं आहे. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

लॅबच्या भिंतीवर माझ्याच अक्षरात कागद लावलेला आहे : 'रोज चाळीस मिनिटे चाला.' दारव्हा तालुक्यातल्या अर्ध्या लोकांना मी तो वाचून दाखवते.

एक नोंद करून ठेवते. घरात मी तिला याडी म्हणते, आमच्या बंजारा बोलीत आईला तेच म्हणतात. पण डायरी मराठीत आहे आणि लॅबमध्ये बोलताना जीभ अडखळू नये म्हणून इथेही मी आईच लिहिते.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस सकाळी साडेपाचला आईला घेऊन फिरायला गेले. पहिल्या दिवशी ती वीस मिनिटं चालली. दुसऱ्या दिवशी साडीचा काठ पायात आला आणि पडता पडता वाचली. आज उठलीच नाही. गुडघा म्हणते.

बा आणि संजयदादा तांड्यावर शेती करतात. एकटी मुलगी भाड्याने कशी राहील म्हणून आई माझ्यासोबत आली, त्याला दीड वर्ष झालं. आल्यावर चालायची की चांगली! ऑगस्टपर्यंत रोज दुपारी माझा डबा घेऊन लॅबपर्यंत यायची. जाऊन-येऊन तीन किलोमीटर. मग एकदम सोडलं. शेवटची आली तो दिवस मला आठवतो, कारण बाहेर तापाच्या रुग्णांची रांग होती. काउंटरवर संगीता नवीनच लागलेली. तिने विचारलं, "मॅडम, ही फेटियावाली बाई कोण हाय? काही विकाले आली का?" माझ्या हातात सुई होती, समजावत बसायला वेळ नव्हता. "गावाकडची आहे, डबा ठेवून घे," म्हटलं. त्याच संध्याकाळी आईने गुडघ्याचं सांगितलं. तेव्हाच एक्स-रे काढायला हवा होता.

आईचा वेश अजून तांड्यावरचाच आहे : आरसे जडवलेला घेरदार घागरा, म्हणजे फेटिया, चोळीसारखी काचळी आणि डोक्यावरून ओढणी. शहरात तिला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून मी सप्टेंबरमध्ये दोन चांगल्या साड्या आणून दिल्या. बाहेर जाताना ती त्याच नेसते. पण ती फारशी बाहेर जातच नाही.

अडचणी लिहून काढल्या. रस्त्यावर कापसाचे ट्रक. फूटपाथ नाही. कुत्री. गुडघा. चारही अडचणींवर एकच उत्तर निघतं : चालणं घरात आणायचं.

१७ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर ट्रेडमिलचा अभ्यास केला. वहीत तक्ता केला आहे. सात मॉडेल, नऊ रकाने. अगदी स्वस्तातल्या पट्ट्या अरुंद आहेत आणि त्यांना धरायला दांडा नाही. महागड्या आमच्या खोलीत मावणार नाहीत आणि मला परवडणारही नाहीत. मधल्यातली, तीस हजारांच्या आसपासची, घडी घालून भिंतीला उभी करता येणारी हवी.

घरमालकीण खैरुनबी खाली राहतात. त्यांचा मुलगा शादाब मोटार वाइंडिंगचं दुकान चालवतो. त्याला तक्ता दाखवला.

"दीदी, हे चार एचपी लिहून राह्यले न, थे झटक्याचं असते," तो म्हणाला. "एक मिनिटाचा जोर. सतत किती काढते थे विचारा."

मी नवीन रकाना आखला. चारपैकी सतत मिळणारे दीडच निघाले.

"अन् दुपारी आपल्याकडं व्होल्टेज पडते. स्टॅबिलायझर लागन. भारी सॉकेट मी बसवून देतो."

खैरुनबी शेंगा सोलत ऐकत होत्या. "रुपीबाईले विचारलं का तुनं?"

"तिच्यासाठीच तर घेत आहे, खाला."

"थे समजलं मले. विचारलं का, म्हनून विचारून राह्यली."

वर येऊन विचारलं. आई म्हणाली, "तुले ठीक वाटते तं घे." म्हणजे होच.

रात्रीच्या जेवणाआधी बांचा फोन आला. त्यांना सांगितलं तर आधी खूप हसले.

"चालाची मशीन? अन् पोचते कुठं?"

"कुठंच नाही, बा. जागच्या जागी."

"आपले आजे-पणजे बैलांवर मीठ लादून कुठच्या कुठं जात होते. थ्यायले ही मशीन नाही भेटली, नाही तं घरीच राह्यले असते!" मग म्हणाले, "पोरी, तुह्या याडीले रिकाम्या हातानं चालता येत नाही. तिच्या डोक्स्यावर काही ठेव, मंग पाह्य कशी चालते."

बांना प्रत्येक गोष्टीत गंमत सुचते. साखर म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायला पाहिजे.

२४ नोव्हेंबर, रविवार

आईला घेऊन यवतमाळला दुकानात गेले. विक्रेता टाय लावलेला, बोलायला गोड. मी वही काढल्यावर त्याचा गोडवा थोडा कमी झाला. सततचे एचपी विचारले तर त्याने आत जाऊन कोणाला तरी विचारलं. दीड. पट्टा बेचाळीस सेंटिमीटर. शंभर किलोपर्यंत वजन चालतं, आई बासष्टची आहे. खालून वेग शून्य पॉइंट आठपासून. दोन्ही बाजूंना लांब दांडे. घडी उघडताना आपोआप सावकाश खाली येते, धाडकन नाही. लाल रंगाची एक किल्ली दोरीने कपड्याला अडकवायची. माणूस घसरलं तर दोरी ओढली जाते आणि मशीन बंद पडतं. हे मला सगळ्यात आवडलं.

"आई, चढून बघ ना."

ती चढली, दांडा धरला आणि उभी राहिली. मी बटण दाबणार इतक्यात खाली उतरली. "चांगली हाय," म्हणाली. विक्रेत्याने विचारलं, "काकू, रंग कोणता देऊ?" आईने माझ्याकडे पाहिलं. काळा घेतला.

येताना बसमध्ये मी तिला सगळे रकाने समजावले. ती खिडकीतून वेचणीच्या बायका पाहत होती. "यंदा बोंडं मोठी हायेत," एवढंच म्हणाली.

१ डिसेंबर, रविवार

ट्रेडमिल आली. पंचावन्न किलो. आमचा जिना अरुंद आणि वळणाचा. शादाब आणि त्याचा मित्र अमर दोघांनी वर चढवली, भिंतीचा एक टवका गेला. खैरुनबी म्हणाल्या, "जाऊ दे, पुढच्या ईदले रंग द्याचाच हाय."

मी आधी स्वतः चालून दाखवलं. खैरुनबी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. "हे तं सोपं हाय. मी बी चालू शकते."

"तुमीच चाला," आई म्हणाली. पहिल्यांदाच हसली.

मी आईसाठी ट्रॅक पँट आणली आहे, गडद निळी. तिने ती दोन बोटांत धरून पाहिली आणि घडी करून पेटीत ठेवली. भिंतीवर तक्ता लावला : तारीख, मिनिटं, किलोमीटर. मी लॅबमध्ये असताना ती चालेल आणि मी आल्यावर भरायचं, असं ठरलं.

९ डिसेंबर, सोमवार

फार छान चाललं आहे! आई रोज "झालं चालून" म्हणते. एकूण अंतर मशीन स्वतः साठवतं, मी पडद्यावर बघते : आठ दिवसांत चौदा किलोमीटर. अक्षर न येणारी बाई आठ दिवसांत यंत्र शिकली. शिकवणाऱ्याची तळमळ खरी असेल तर काही अशक्य नाही. आमच्या तांड्यावर साखर तपासणीचं शिबिर घ्यायचं आणि तिथे आईलाच बोलायला उभं करायचं, असं मनात आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

एकूण छत्तीस किलोमीटर. तरी उपाशीपोटीची साखर २०८.

खाण्याचं तपासलं. भाकरी मोजून, चहा बिनसाखरेचा, गोळी मी समोर उभी राहून देते. मग मशीनच खोटं मोजत असेल का? शादाबला वर बोलावलं. त्याने पट्ट्यावर खडूने खूण केली, फेरे मोजले. अंतर बरोबर आहे म्हणाला. म्हणताना तो आईकडे का बघत होता कोण जाणे. आई भाजी निवडत होती.

खैरुनबी जिन्यात भेटल्या. चक्क दोन पायऱ्या एकदम चढत होत्या. "गुडघे मोकळे झाले वं माहे," म्हणाल्या. "बांगड्या बी ढिल्या होऊन राह्यल्या." गुडघ्याला चोळायचं तेल बदललं असेल. आईलाही तेच तेल आणून देते.

२ जानेवारी २०२५, गुरुवार

साखर २१४. एकूण अंतर अठ्ठावन्न.

आज लॅबमध्ये एका आजोबांना मी चालण्याबद्दल सांगत होते आणि मध्येच थांबले. मला माझंच पटत नव्हतं.

रविवारी आईला माझ्यासमोर चालायला लावते. कदाचित वेग कमी ठेवत असेल.

१२ जानेवारी, रविवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी दहाला म्हटलं, आज माझ्यासमोर चाल. ती टाळत राहिली. भांडी, मग पाणी, मग केस. मी म्हटलं ट्रॅक पँट घाल, तर म्हणाली, "असंच चालतो न मी." घरातल्या फेटियातच ती चढली. रोज चालणाऱ्या माणसाला काय सांगायचं, म्हणून मी लाल किल्लीची दोरी तिच्या काचळीला अडकवली आणि सरळ चारवर वेग लावला.

पाच-सहा पावलं ती धावल्यासारखी चालली. दांडा तिने दोन्ही हातांनी असा धरला होता, जसं पुरात झाड धरावं. मग मागून करकर आवाज आला. फेटियाचा घेर पट्टा आणि मागच्या रुळाच्या मध्ये गेला होता. मशीन तिला कमरेपासून मागे ओढत होतं. ती ओरडली नाही. गुडघ्यावर बसली तेव्हा किल्ली निसटली आणि सगळं थांबलं.

सात मॉडेल, दहा रकाने. त्यात फेटिया नव्हता. तीस वर्षं रोज जे कपडे ती घालते, ते एकाही रकान्यात नव्हते.

हाड सलामत आहे, गुडघा खरचटला. शादाबने मागचं झाकण उघडून कापड काढलं. चिंधी झालेला काठ, आणि रुळातून एकेक करून अकरा आरसे निघाले. सहा फुटलेले. हा फेटिया आईने संजयदादाच्या जन्मानंतर स्वतः शिवला होता.

आवाजाने खैरुनबी वर आल्या. मी तेच तेच म्हणत होते, "रोज चालतेस ना, मग आज कसं झालं?"

"कोन चालते?" खैरुनबी म्हणाल्या. "थे तं पहिल्या दिसापासून मी चालून राह्यली. रुपीबाई खाली बसून गोष्टी सांगते. अगं, इचा पाय बी नाही लागला आजवर त्याले."

मी आईकडे पाहिलं.

"तू तक्ता भरे, तं तुले बरं वाटे," ती म्हणाली.

मला राग आला. पडलेल्या माणसावर राग काढू नये, तरी काढला. "काहून खोटं बोललीस? सगळ्या लोकांना मी चालायला सांगते. तुझ्या पायाचं मावशीसारखं झालं तर मी काय करू? एक पँट घालायला काय होत होतं?"

खैरुनबी खाली गेल्या. शादाबही गेला.

आई सुई-दोरा घेऊन बसली. न फुटलेला आरसा काठावर धरून भोवती टाके घालू लागली. दोन टाके झाल्यावर म्हणाली, "तू तं खोटं नाही बोल्ली त्या दिशी."

"कोणत्या दिवशी?"

"दवाखान्यात. थ्या पोरीले म्हटलं तू, गावाकडची हाय म्हनून. खरंच हाय. गावाकडचीच हाय मी."

तिच्या आवाजात काही नव्हतं. तिने दोरा दाताने तोडला आणि पुढचा आरसा घेतला.

१३ जानेवारी, सोमवार

लॅब. त्रेचाळीस नमुने.

१६ जानेवारी, गुरुवार

या डायरीत १४ नोव्हेंबरचं पान काढून वाचलं. सगळं मीच लिहिलं आहे. रांग, सुई, संगीता, आणि लगेच खाली एक्स-रे. ओळीला ओळ लागून. वाचणाऱ्या दुसऱ्या कोणालाही दिसलं असतं.

समजावायला वेळ नव्हता असं लिहिलं आहे. 'माझी आई आहे' म्हणायला 'गावाकडची आहे' म्हणण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. आज मनात दोन्ही म्हणून पाहिलं.

पदवीचा फोटो भिंतीवर आहे. त्यात आई साडीत आहे. ती साडीही मीच नेसवली होती.

माफी कशी मागायची ते मला येत नाही. आमच्या घरात कोणी कोणाची मागत नाही. आईला मान खाली घालून बोललेलं आवडत नाही, तिला वाटतं पोरगी आजारी आहे.

१९ जानेवारी, रविवार

बांचा फोन. गुडघ्याचं कळलं होतं. हसले नाहीत. "डोक्स्यावर काही ठेव म्हटलं होतं न मी," एवढंच म्हणाले. नोव्हेंबरमध्ये मी ती गंमत समजले होते.

तिन्हीसांजेला आई भाकरी थापत होती. मी म्हटलं, "उद्यापासून मला सकाळी डबा नको. दुपारी तू घेऊन येशील?"

तिने तव्यावरची भाकर उलटली. "गुडघा दुखते."

"बरा झाल्यावर?"

तिने पुढचा गोळा थापायला घेतला.

"फेटिया घालूनच ये," मी म्हटलं. भाकर जरा जास्तच भाजली गेली.

२२ जानेवारी, बुधवार

सोमवारी आली नाही. काल आली नाही. आज आली नाही. तिन्ही दिवस बिस्किटांवर. संगीता म्हणाली, "मॅडम, उपास हाय का?" मी हो म्हटलं.

घरी आल्यावर आई विचारते, जेवली का. मी नाही म्हणते. ती ताट वाढते, मी जेवते. खैरुनबींनी जिन्यातच पकडलं. "पोरगी भुकी राहते अन् माय घरात बसून रडते. दोघी बी एकाच मातीच्या." मग पिशवीतून सोनेरी गोट्याची, म्हणजे जरीच्या किनारीची, पट्टी काढली, त्यांच्या मुलीच्या, जियाच्या जुन्या ओढणीची. "फाटलेल्या जागी लावाले देतो तिले. तू चूप राह्य."

२४ जानेवारी, शुक्रवार

पावणेएकला खुर्चीत धावजी आजोबा होते, महागावकडच्या तांड्यावरचे. त्यांच्या दंडाला पट्टा बांधला होता, नस सापडत नव्हती. बाहेर आठ-नऊ माणसं.

आधी आवाज आला. पायातल्या वाळ्यांचा. मग दार उघडलं आणि संगीता काउंटरवरून म्हणाली, "मॅडम, थे तुमची गावाकडची बाई आली."

तिची काही चूक नव्हती. मी सांगितलं तेच ती म्हणाली.

पाच दिवस मी एक वाक्य तयार करत होते. चांगलं होतं, मराठीत होतं, त्यात अभिमान हा शब्द होता. ते आठवलंच नाही. "गावाकडची नाही, संगीता," मी म्हटलं. "माझी याडी आहे."

"याडी म्हंजे?"

धावजी आजोबाच खुर्चीतून ओरडले, "अवं माय हो, माय! हिची माय हाय थे!" बाहेरच्या रांगेतल्या सगळ्यांनी मान वळवून पाहिलं.

याडी दारात उभी. डोक्यावर कापडात बांधलेला डबा, हात न लावता. फेटियाच्या काठावर वीतभर सोनेरी गोटा, बाकी सगळे आरसे जागच्या जागी. तिने माझ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं, मग आजोबांच्या हाताकडे.

"उभी काय राह्यली?" ती म्हणाली. "त्या बाप्प्याच्या दंडाचा पट्टा सोड आधी, हात काळानिळा पडला."

आजोबा इतके हसले की नस आपोआप वर आली.

संगीताने आपली खुर्ची पुढे केली. "बसा न, काकू. मले कोनी सांगतलंच नाही." याडी बसली नाही. मी आत जाऊन जेवेपर्यंत दाराशी उभी राहिली, कोणाचा कोण कोणत्या तांड्याचा हे धावजी आजोबांना विचारत. भाकर, वांग्याची भाजी, ठेचा. चार दिवसांच्या उपासानंतर मी तीन भाकरी खाल्ल्या.

ट्रेडमिलचं काय करायचं ते खैरुनबींनीच ठरवून टाकलं आहे. रोज चारला त्या चालणार, याडी खाली बसून गोष्टी सांगणार. पट्ट्याला घालायचं तेल मी आणून देणार आहे. निवड चुकली नव्हती, चालणारं माणूस चुकलं होतं. एप्रिलमध्ये आकडा काय येईल माहीत नाही. भिंतीवरचा तक्ता मी काढला.

रिकामा डबा घेऊन याडी निघाली तेव्हा मी दारापर्यंत गेले. वळणापर्यंत दिसत होती. पाठ सरळ, डबा डोक्यावर, पाय झपझप, आरसे उन्हात चमकत. मागून कापसाचा ट्रक आला आणि त्याने दोनदा हॉर्न दिला. ती बाजूला सरली नाही. ट्रकच हळू झाला.